बहिणाबाई चौधरी : वहीत उतरली तेवढी गाणी

गणरायाच्या आगमनाबरोबर स्मरणिकेचे काम सुरू झाले की चरित्र कोणाचे द्यायचे हा विषय निघतोच. संत झाले, क्रांतिकारक झाले, समाजसुधारकही झाले. यंदा आम्ही एका शेतकरी बाईंचे चरित्र घेतले आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्या कधी कोणत्या व्यासपीठावर चढल्या नाहीत आणि आपल्या हयातीत त्यांनी स्वतःचे एकही पुस्तक पाहिले नाही. तरीही आज उटनूरच्या कोणत्याही मराठी घरात जाऊन मराठीतली एखादी कविता विचारा. शाळेत तेलुगु किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारे पोरही संसाराच्या तव्याचे, नाहीतर सुगरणीच्या खोप्याचे नाव काढते. बहिणाबाई चौधरी हे नाव त्याला सांगता येईलच असे नाही, पण गाणे ठाऊक असते.

आधी एक खुलासा. मराठीत बहिणाबाई दोन होऊन गेल्या. एक सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या, संत बहिणाबाई. दुसऱ्या या आमच्या खानदेशातल्या. दोघींच्या मध्ये अडीचशे वर्षांचे अंतर आहे. स्पर्धेच्या उत्तरपत्रिकांत मुले या दोघींची हमखास गल्लत करतात, म्हणून हे सांगून ठेवलेले बरे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. गाव असोदे, जळगावच्या अगदी जवळचे. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ, खाऊनपिऊन सुखी. मुलीला शाळेत घालण्याची त्या काळी त्या गावात रीत नव्हती. जे शिकायचे ते शेतात, चुलीपाशी, देवळातल्या कीर्तनात आणि बायकांच्या गाण्यांत. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले आणि त्या चौधरी वाड्यात नांदायला आल्या. असोदे ते जळगाव हे अंतर किती थोडे! पण सासुरवाशिणीला ते केवढे वाटते हे त्यांच्या माहेरावरच्या कवितेत पाहावे. त्या कवितेत एक योगी या बाईला विचारतो की एवढे माहेर माहेर करतेस तर सासरी आलीसच कशाला. बाई त्याला जे उत्तर देते ते ऐकून गप्प झाला नाही असा श्रोता आम्ही तरी पाहिलेला नाही. आपल्या लेकीलाही उद्या माहेर हवे, असा त्या उत्तराचा रोख आहे.

सासरचे कुटुंब मोठे होते, कामे त्याहून मोठी. पहाटे जाते, मग शेण, पाणी, चूल आणि दिवसभर शेत. या कामांच्या लयीवरच त्यांची गाणी जन्माला आली. ओवीची चाल त्यांच्या आधी कित्येक पिढ्या बायकांच्या गळ्यात होतीच. बहिणाबाईंनी ती उचलली आणि तिच्यात स्वतःचे पाहणे घातले. जात्याला त्या त्यांच्या बोलीत घरोट म्हणत. घरोटाच्या दोन पाळ्यांकडे बघत दळता दळता त्यांना जे सुचायचे ते लगेच गाण्यात यायचे. पेरणीचे गाणे पेरताना, कापणीचे कापताना, मळणीच्या वेळी मळणीचे, आणि उपणताना वाऱ्याला घातलेली साद. कामाला बसले की गाणे, काम संपले की गाणेही संपले. लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन अपत्ये झाली. ओंकारला प्लेगने गाठले, तो वाचला पण कायमचे अपंगत्व आले. १९१० च्या सुमारास नथूजी वारले. बहिणाबाईंचे वय तेव्हा तिशीचे, धाकटा सोपान तीनेक वर्षांचा. त्या काळात तरुण विधवेच्या वाट्याला काय येत असे हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत ते सगळे आहे.

या प्रसंगावर त्यांनी जी कविता केली ती, आमच्या मते, त्यांच्या सर्व कवितांत वरची आहे, जरी तव्याची आणि खोप्याची कविता जास्त गायिली जाते. कुंकू गेले तरी कपाळावरचे गोंदण कोणी पुसू शकत नाही, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली करामत शाबूत आहे, असा तिचा आशय आहे. दुःख लपवलेले नाही आणि कोणापुढे पदरही पसरलेला नाही. उटनूरकरांना या कवितेचा अर्थ पुस्तकातून समजावून घ्यावा लागत नाही. आपल्या आठवडी बाजारात येणाऱ्या गोंड आणि परधान म्हाताऱ्यांच्या हाता-कपाळावरची गोंदणे आपण रोज पाहतो. मेल्यावरही सोबत येणारा तेवढाच एक दागिना, असे त्या म्हाताऱ्या सांगतात. दाराशी आलेल्या जोशाला, माझे नशीब मला कळलेले आहे, तू आपल्या वाटेने जा, असे सांगणारी बहिणाबाईंची दुसरी कविताही याच दिवसांची वाटते.

त्यांनी रडत बसण्याऐवजी शेती धरली, मुले वाढवली. सोपान शाळेत गेला, शिकला आणि पुढे सोपानदेव चौधरी या नावाने कवी म्हणून महाराष्ट्रात गाजला. 'काव्यकेतकी' हा त्यांचा संग्रह त्या काळी रसिकांच्या आवडीचा होता. कविसंमेलनांत त्यांच्या गायनाला दाद मिळे. आज मात्र त्यांची ओळख आईचा मुलगा एवढीच उरली आहे. हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे की नाही, यावर वाद घालता येईल. आम्हाला मात्र असे वाटते की त्यांना स्वतःला याचे वाईट वाटले नसते, कारण आईचे गाणे वाचवण्याचे काम त्यांनीच केले.

ते कसे झाले हे नीट सांगायला हवे. आई गाते आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते, पण घरातल्या गोष्टीला कविता कोण म्हणतो? बाईमाणूस काम करताना काहीबाही म्हणतेच. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी या दोघांनी मात्र जमेल तसे, आई गात असता, कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. हे काही ठरवून केलेले संशोधन नव्हते. हाताशी कागद असेल, मुलगा घरी असेल आणि आई त्याच वेळी गात असेल, तर ते गाणे वहीत जायचे. नसेल तर वाऱ्यावर. बहिणाबाई सत्तर वर्षांहून अधिक जगल्या. त्यातली पन्नास-साठ वर्षे तरी त्या गात असणार. वहीतून छापून आल्या त्या कविता जेमतेम ३५. बाकीच्या किती होत्या हे कोणीच मोजले नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचत ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे म्हणजे त्या काळचे मराठीतले सर्वांत मोठे आवाजाचे माणूस, विनोद, नाटक, सिनेमा, पत्रकारिता सगळीकडे त्यांचा दरारा. त्यांनी चार कविता वाचल्या आणि त्यांना समजले की हातात काय आले आहे. ही वही महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा होईल, असे त्यांचे मत पडले. त्यांनी स्वतः विस्तृत प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक सुचित्रा प्रकाशनाने काढले. सोन्याच्या शुद्धतेची उपमा देऊन अत्र्यांनी केलेली स्तुती तेव्हापासून भाषणांत इतकी वापरली गेली आहे की ती येथे पुन्हा देत नाही.

कोणाला शंका येईल की शिकलेल्या मुलानेच त्या कविता घासूनपुसून दिल्या नसतील कशावरून? ज्यांना शंका असेल त्यांनी दोघांच्या कविता शेजारी ठेवून वाचाव्यात. सोपानदेवांची कविता पुस्तकी मराठीतली, नाजूक, त्या पिढीच्या कवींसारखी. आईची कविता तशी नाही. तिच्यात बैल आहे, मोट आहे, बी आहे, मोडलेली गाडी आहे. एवढे शेत सोपानदेवांच्या अंगात नव्हते.

आता भाषेविषयी. बहिणाबाईंची बोली जळगाव-असोद्याकडच्या लेवा पाटीदारांची. तिला सरसकट अहिराणीही म्हटले जाते. तिच्यात ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, जळगावचे जयगाव. पुण्या-मुंबईच्या वाचकांना तळटीप लागते. आमच्या घरांतल्या, विशेषतः वऱ्हाडातून इकडे आलेल्या घरांतल्या, म्हाताऱ्या माणसांना लागत नाही, कारण तेही डोयाच म्हणतात. याच उच्चारावरून आपल्या मुलांना तिकडच्या नातेवाइकांनी हसल्याचे प्रसंग आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी झाले आहेत. लग्नाला गेलेली पोरगी परत येऊन सांगते की मला मराठी येत नाही म्हणतात. अशा पोरीच्या हातात आम्ही हे पुस्तक देतो. ज्या बोलीला हसतात त्याच धाटणीच्या बोलीतली कविता मराठीतल्या सर्वांत आवडत्या कवितांत मोजली जाते, एवढे तिला कळले तरी पुरे.

गंमत अशी की छापील शब्दाविषयी बहिणाबाईंचे स्वतःचे मत होते. जळगावात नानाजींचा छापखाना आला तेव्हा तो पाहून त्यांनी कविता केली. यंत्राचा तो खडखडाट, आगगाडीसारखी त्याची धांदल, सगळे त्यांनी नजरेने टिपले आणि शेवटी माणसाला चिमटा काढला. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो आणि माणूस मात्र आहे तसाच राहतो, असे त्यांना दिसले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी वाचणाऱ्यांना ऐकवलेली ही गोष्ट आहे.

या कविता इतकी वर्षे टिकल्या कशा, याची कारणे लोक वेगवेगळी सांगतात. एक, सिनेमा. १९६१ साली 'मानिनी' या चित्रपटात बहिणाबाईंच्या कविता वसंत पवारांच्या संगीतात आल्या आणि आकाशवाणीवरून घराघरात गेल्या. पुढे यशवंत देव यांच्या चालींवर उत्तरा केळकर यांनी गायिलेल्या गाण्यांनी आणखी एका पिढीला त्या दिल्या. दोन, पाठ्यपुस्तके. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाने शाळेत बहिणाबाई वाचली नाही असे होत नाही. ही दोन्ही कारणे खरी आहेत, पण आम्हाला ती पुरेशी वाटत नाहीत. पाठ्यपुस्तकात आलेल्या आणि परीक्षेनंतर विसरल्या गेलेल्या कवितांची संख्या थोडी नाही. सिनेमातली गाणीही सगळी कुठे उरतात? आणि उटनूरच्या ज्या मुलांनी मराठी पाठ्यपुस्तक उघडलेच नाही त्यांच्यापर्यंत त्या कशा आल्या?

त्या तोंडातून तोंडात आल्या. बहिणाबाईंची कविता मुळात डोळ्यांसाठी केलेलीच नाही. ती अंधारात, हात कामात गुंतलेले असताना, स्वतःलाच आठवावी म्हणून केलेली आहे. त्यामुळे ओळी आखूड आहेत, यमक जवळ आहे आणि प्रत्येक दोन ओळींत एक वस्तू आहे जी ऐकणाऱ्याच्या घरात असतेच. तवा, विहीर, बाभूळ, कडुनिंब, उभ्या पिकात शिरणारे ढोर. मन कसे असते हे सांगायला त्यांनी ढोर आणले. हाकलले तरी ते पुन्हा पिकात येते. ज्याने एकदा रानात रात्री राखण केली आहे त्याला पुढे समजावून सांगायचे काही शिल्लक राहत नाही.

आणि आमच्या भागात तर कापूस. कशाला काय म्हणू नये याची यादी देणारी त्यांची कविता कपाशीच्या बोंडापासूनच सुरू होते. पुण्याच्या वाचकाला ते सुंदर उदाहरण वाटते. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळी लागते आणि बोंड फोडून पाहावे तर आत काळे निघते, त्या वर्षी आमच्या काळ्या रानातल्या शेतकऱ्याला ते उदाहरण वाटत नाही. खानदेशही कपाशीचा आणि आदिलाबादही कपाशीचा. मधे शेकडो किलोमीटर आहेत, पण बोंड एकच.

तोंडी राहिलेल्या कवितेचे सामर्थ्य काय असते हे आपल्याला शेजारच्या लोकांकडूनही दिसते. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते तेव्हा मेस्राम घराण्याच्या पूजेत परधान मंडळी किकरी वाजवून गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. कितीतरी पिढ्या त्या कथा कागदाशिवाय चालत आल्या. परधानांच्या पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, हे आपल्यातल्या नव्या पिढीला ठाऊकही नसते. तसेच बतुकम्माचे. आपल्या अंगणात तेलुगु शेजारणी फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरतात, साधारण त्याच दिवसांत आपल्याकडे भुलाबाई बसते. दोन्हीकडे गाणी बायकांची, दोन्हीकडे कवीचे नाव कोणाला ठाऊक नाही.

बहिणाबाईंचे नाव मात्र ठाऊक आहे, ते त्या वहीमुळे. हा फरक आम्हाला या चरित्रात सर्वांत मोठा वाटतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले, उटनूर इकडे राहिले. तिकडच्या मुलांना मराठी शाळा मिळाली. इकडे निजामाच्या राजवटीतली उर्दू गेली आणि तेलुगु आली, नंतर इंग्रजी. मराठी राहिली ती घरात, म्हणजे बहुतेक बायकांच्या तोंडी. आमच्या आज्यांनी जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या त्यांत उटनूरचे रान होते, इथला पाऊस होता, इथून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला पायी जाण्याच्या वाटा होत्या. त्यांतल्या काही अजून सत्तरी-पंच्याहत्तरीच्या बायकांना येतात. पिठाची गिरणी आली तशी जाती मागच्या अंगणात पालथी पडली आणि ओवी म्हणायला निमित्त उरले नाही. गणपतीच्या दिवसांत सगळ्याजणी एकत्र जमतात तेव्हा कोणीतरी आग्रह केला तर एखादी म्हणते, पुढचे आठवत नाही म्हणून मधेच थांबते. शेजारी बसलेली नात मोबाईल धरून बसलेली असते. कधी कधी ती रेकॉर्डिंग चालू करते, कधी नाही.

बहिणाबाईंच्या नावावर हल्ली मोबाईलवर पुष्कळ काही फिरते, त्याविषयीही दोन शब्द. गोड उपदेशाच्या ओळी, आईवरच्या कविता, स्वच्छ पुस्तकी मराठीत लिहिलेल्या, खाली नाव बहिणाबाई. यांतले बरेचसे त्यांचे नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यांची कविता उपदेश करायला बसत नाही. आधी वस्तू दाखवते, मग एखादे वाक्य पदरात टाकून पुन्हा कामाला लागते. पुस्तक छोटे आहे, एका दुपारी वाचून होते. ते घरात असले की खरे-खोटे लगेच कळते. आपल्या मंडळींपैकी कोणी जळगाव, नांदेड किंवा नागपूरकडे गेले तर एखादी प्रत जरूर आणावी.

जळगावच्या जुन्या वस्तीतला त्यांचा चौधरी वाडा आता जपला आहे. तिथे त्यांच्या वापरातल्या घरगुती आणि शेतीच्या वस्तू पाहायला मिळतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी जळगावात विद्यापीठ आहे. त्याचे नाव पूर्वी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होते. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. तिथून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या हजारो पदव्यांवर ते नाव छापलेले असते. त्यांतल्या कित्येक पदव्या कपाशी वेचणाऱ्या घरांत जातात आणि घरातली म्हातारी तो कागद उलटसुलट करून पाहते.